रोझलिनचं थांबणं

रोझलिन तुस्कानोची आणि माझी ओळख झाली ती गाडीमुळे. आम्ही दोघी दुबईच्या इंटरनॅशनल सिटीत, ग्रीस क्लस्टरमधल्या एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो. माझं ऑफिस देरा भागात आणि ती तिथल्याच एका डेंटल क्लिनिकच्या रिसेप्शनवर. बसने जायचं तर दोनदा बदलावी लागायची. एक दिवस लिफ्टमध्ये तिने सरळ मराठीत विचारलं, "तुम्ही रोज एकट्याच जाता ना गाडीने? मी येऊ का? पेट्रोल अर्धं अर्धं."

मी चमकले. गळ्यात क्रॉस, हातात खबूस रोट्यांचं पाकीट. मला ती गोव्याची वाटली होती.

"वसईची," ती म्हणाली. "भुईगाव. आमची केळीची वाडी आहे."

त्या दिवसापासून साडेआठ वर्षं ती माझ्या शेजारच्या सीटवर बसली.

तिचा नवरा इलियास सीरियाचा, होम्सजवळच्या डोंगरातल्या एका ख्रिस्ती गावचा. दोघं एकाच हॉटेलात कामाला असताना भेटली. ती फ्रंट ऑफिसला, तो बेकरीत. लग्नाचं ठरल्यावर तिने वसईला फोन केला, तर आईचा पहिला प्रश्न, "इलियास? म्हणजे मुसलमान?"

"नाही गं आई, ख्रिस्ती. आपल्याला पोर्तुगीजांनी केलं, हे लोक त्याच्या कितीतरी आधीपासूनचे."

"मग नाव असं का?"

आईचं समाधान काही झालं नाही, पण लग्नाला ती आली. जावयाने स्वतः केलेला केक खाल्ला आणि म्हणाली, "हात चांगला आहे माणसाचा." हे २००९ सालचं. पुढच्या वर्षी शेनॉन झाली. रोझलिनने कॉन्सुलेटला खेटे घालून मुलीचा पासपोर्ट भारतीय करून घेतला. नंतर ती मला म्हणायची, तेवढं एक शहाणपण केलं बघ मी.

कारण वर्षभरातच सीरियात लढाई सुरू झाली. इलियासच्या घरी त्याच्या नावाने लष्कराचं बोलावणं येऊन पडलं. तो परत गेला असता तर विमानतळावरूनच त्याला आघाडीवर नेलं असतं. दुबईत नोकरी होती तोवर त्याची झळ लागली नाही. रात्रभर काम करून तो सकाळी परतायचा, तेव्हा आम्ही दोघी निघत असायचो. बिल्डिंगच्या दाराशी गरम ब्रेडची पिशवी माझ्या हातात द्यायचा आणि हॉटेलात शिकलेल्या हिंदीत म्हणायचा, "वैभवी, आराम से चलाओ. मेरा बीवी अंदर है."

२०१८च्या सुरुवातीला हॉटेल विकलं गेलं. नव्या मॅनेजमेंटने बेकरीच बंद केली. ब्रेड आता बाहेरून येणार होता. इथे नोकरी गेली की व्हिसा जातो. मग हातात थोडा अवधी असतो, त्यात दुसरी नोकरी नाहीतर देश सोडणं. इलियास सगळीकडे फिरला. त्याच्या हाताचं कौतुक सगळे करायचे, मग पासपोर्ट बघायचे आणि म्हणायचे, कळवतो. मुलीचा व्हिसा रोझलिनच्या पगारावर कसाबसा निघाला, नवऱ्याचा निघेना. रोझलिनचा भाऊ विली म्हणाला, भारतात घेऊन ये. पण भारतात तो पाहुणा म्हणून काही महिने राहिला असता, आणि पुढे काय, हे विलीलाही माहीत नव्हतं.

त्याच्या पासपोर्टात कॅनडाचा एक व्हिसा होता. आदल्या वर्षी हॉटेलने बेकरीतल्या लोकांना तिकडच्या एका स्पर्धेला पाठवलं होतं, तेव्हाचा. तो अजून चालू होता. पासपोर्ट संपायला मात्र थोडेच आठवडे राहिले होते.

"तिकडे जाऊन आसरा मागणार," रोझलिनने मला रास अल खोरच्या सिग्नलला सांगितलं. "त्याने चौकशी केलीय. वर्ष, फार तर दीड. मग आम्हाला बोलावून घेईल."

विमानतळावर मीच सोडायला गेले. शेनॉन तेव्हा आठ वर्षांची. तिने पप्पाला मिठी मारली आणि विचारलं, "विल यू बी बॅक बिफोर माय बर्थडे?" इलियासने रोझलिनकडे पाहिलं. रोझलिन म्हणाली, "इन्शाल्ला बोल." तो बोलला. परत येताना ती रडेल असं मला वाटत होतं. ती बाहेर बघत होती. मग म्हणाली, "सुपरमार्केटला दोन मिनिटं थांबशील? दूध संपलंय."

---

त्यानंतर इलियास आमच्या गाडीत फोनमधून यायला लागला. आमची सकाळची निघायची वेळ, तेव्हा टोरोंटोजवळच्या मिसिसागामध्ये रात्र. तिथल्या एका मोठ्या बेकरीत तो नाइट शिफ्टला लागला होता आणि कामावर जाताना बसमधून फोन करायचा. मला ऐकू जाणार हे दोघांनी धरूनच चाललेलं असायचं. बोलणं साधंच. शेनॉनला ताप आहे. इथे उणे अठरा आहे. मकानमालकाने हीटर लावला नाही. आज चर्चला गेलास का. मधेच त्याला अरबीत काही म्हणायचं असायचं आणि रोझलिन लाजून खिडकीकडे तोंड करायची.

दीड वर्ष झालं, तरी त्याच्या अर्जाची सुनावणीच लागली नाही. लागली ती २०२०च्या वसंतात, आणि नेमका कोरोना आला. पुढे ढकलली, पुन्हा ढकलली. अखेर २०२१मध्ये व्हिडिओवर सुनावणी झाली आणि त्याला निर्वासित म्हणून मान्य केलं. रोझलिनने त्या सकाळी गाडीत बक्लाव्याचा डबा उघडला. माझ्या ऑफिसलाही पाठवला.

"खलास, झालं," ती म्हणाली. "आता फक्त पीआर."

तो 'फक्त' मला नंतर फार वेळा आठवला.

कायमच्या रहिवासाचा अर्ज तिघांच्या नावाने एकत्र गेला. किती वेळ लागेल याचा अंदाज वेबसाइटवर असायचा. तो अंदाज दर काही महिन्यांनी वाढायचा. दोन वर्षं होती, अडीच झाली, मग तीन. ती म्हणायची, "आपण चालतोय आणि बसस्टॉपच पुढे पळतोय." इलियासची फाईल कुठल्याशा सिक्युरिटी चेकमध्ये होती. वकिलाला विचारलं की तो म्हणायचा, चालू आहे. दोघींची मेडिकल टेस्ट झाली, तिची मुदत संपली, पुन्हा झाली. रोझलिनने भेटीसाठी म्हणून साधा व्हिजिट व्हिसा मागितला. नाकारला. कारण असं की, तुमचा नवरा इकडे आहे, तेव्हा तुम्ही परत जाल याची खात्री वाटत नाही.

"नवरा तिकडे आहे म्हणूनच जायचंय ना मला?" ती मला विचारत होती, जणू तो शिक्का मीच मारला होता. वर्षभराने तिने पुन्हा अर्ज केला. पुन्हा तेच उत्तर आलं.

इलियासला इकडे येता येत नव्हतं. त्याचा सीरियन पासपोर्ट संपलेला, आणि निर्वासितांना देतात त्या प्रवासाच्या पुस्तिकेवर इथला व्हिसा मिळेना. मग कोणीतरी जॉर्जिया सुचवलं. इथून सुट्टीला निम्मी मराठी मंडळी तिकडेच जातात. रोझलिन आणि शेनॉनला अडचण नव्हती. इलियासलाही व्हिसा मिळाला. २०२३च्या एप्रिलमध्ये, शाळेच्या सुट्टीत, पाच वर्षांनी तिघं भेटणार होती.

महिनाभर गाडीत दुसरा विषय नव्हता. तिने तिबिलिसीत स्वयंपाकघर असलेला फ्लॅट घेतला. वसईहून आलेला मसाला, सुके बोंबील, इलियासला आवडायचं म्हणून चिंचेचं लोणचं, सगळं बॅगेत भरलं. केस रंगवले. निघायच्या आदल्या दिवशी मला म्हणाली, "वैभवी, मला भीती वाटतेय गं. लग्नाच्या दिवशी वाटली नव्हती इतकी."

त्या दोघी विमानात असताना टोरोंटोच्या विमानतळावर इलियासला चेक-इन काउंटरवर थांबवलं. त्याच्या हातातली पुस्तिका आणि वाटेतल्या देशाचे नियम यांचा मेळ बसत नव्हता. तो तासभर उभा राहून समजावत होता. मग त्याची बॅग त्याला परत दिली.

तिबिलिसीला उतरून रोझलिनने फोन चालू केला तेव्हा त्याचे मेसेज आले. शेनॉनने आईच्या खांद्यावरून वाचले आणि म्हणाली, "ओके." एवढंच. तिकिटं बदलता येत नव्हती, म्हणून दोघी ठरल्याप्रमाणे राहिल्या. एक दिवस टूरच्या बसने बर्फाच्या डोंगरावर गेल्या. शेनॉनने आयुष्यात पहिल्यांदा बर्फ पाहिला. रोझलिनने व्हिडिओ कॉल लावला आणि इलियासला तो बर्फ दाखवला. त्याच्या दारात वर्षातले पाच महिने बर्फ असतो. तरी तो बघत राहिला, आणि म्हणत राहिला, "बहुत अच्छा, हबीबती, बहुत अच्छा."

परत आल्यावर बोंबलाचं पाकीट तिने मला देऊन टाकलं. घरात तो वास नको म्हणाली.

---

त्या वर्षीच्या नाताळात विली दुबईला आला. बहिणीला घेऊन जायचं असं ठरवूनच आला होता. मी फराळाला गेले होते तेव्हा तो माझ्यासमोरच बोलला, मुद्दाम, साक्षीदार असावा म्हणून.

"बाय, पुरे झालं आता. आई विचारते रोज. वाडी आहे, घर आहे. शेनॉनला तिकडे शाळेत घालू. त्याचं व्हायचं तेव्हा होईल, वसईहून जा."

"फाईल इथल्या ऑफिसात आहे. वसईला गेले तर दिल्लीला जाईल. मग पुन्हा शेवटी उभं राहायचं?"

"कोणी सांगितलं असं?"

"सगळे सांगतात."

"सगळे म्हणजे कोण? वकील सांगतो?"

 रोझलिन बशीत नाताळची गोड कल्कलं वाढत राहिली. विलीचा आवाज उतरला. "तो चांगला माणूस आहे, माहितीय मला. पण बाय, तू एक्केचाळीसची आहेस."

"मी मोजते रे," ती म्हणाली. "तू नको मोजू."

शेनॉन सोफ्यावर फोन घेऊन बसली होती. तिला मराठी कळायचं, बोलायची नाही. अरबी तर विसरलीच होती. शाळेत मार्कांपुरती उरली होती. पप्पांशी रविवारी बोलायची, तेही आईने हाक मारली की. इलियास फोन असा धरायचा की पडद्यावर त्याचं फक्त कपाळ दिसायचं. विलीने तिला विचारलं, तुला काय वाटतं, तर ती म्हणाली, "आय डोन्ट रिअली नो हिम, मामा. आय नो हिज फोरहेड."



---

२०२४च्या डिसेंबरात सीरियातलं सरकार पडलं. क्लिनिकमधल्या अरब पेशंटनी रोझलिनला मबरूक, म्हणजे अभिनंदन, म्हटलं. बिल्डिंगचा वॉचमनही म्हणाला, "मॅडम, अब तो साब घर जा सकता है." खरं तर त्या दोघांची झोप उडाली होती. आता देश मोकळा झाला, मग तुम्हाला आसरा कशाला, असं कोणी म्हटलं तर? आणि त्याच दिवसांत गावाकडून कळलं की इलियासची आई अंथरुणाला खिळली आहे. तेरा वर्षं तिने मुलाला पाहिलं नव्हतं.

त्या आठवड्यात गाडीत तो रोज तेच विचारायचा. जाऊ का? वकिलाने त्याला स्पष्ट सांगितलं होतं, गावात पाऊल टाकलंत तर उद्या सरकार म्हणेल, यांना धोका नाही, आणि मग तुमचं आणि बायको-मुलीचं सगळंच धोक्यात. रोझलिनने फोन तोंडाजवळ धरला. मग म्हणाली, "तुझी आई आहे. मी नको जाऊ म्हणणार नाही."

"तुम बोलो नहीं जाओ," तो म्हणाला. "प्लीज. कोई तो बोलो."

ती बोलली नाही. तोही गेला नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी फोन वाजला तेव्हा तो बसमध्ये नव्हता, बेकरीतच होता. मागे कणीक मळायच्या मशीनचा आवाज येत होता. "रोझी, मम्मा खलास," एवढंच म्हणाला, आणि फोन तसाच धरून राहिला. रोझलिनने फोन मांडीवर ठेवला.  मशीन चालू. मी देऱ्याची एक्झिट सोडली आणि गाडी सरळ पुढे नेली, कितीतरी पुढे, तो आवाज थांबेपर्यंत. दोघीही कामावर उशिरा पोहोचलो. मला कोणी काही विचारलं नाही. तिला विचारलं असेल, तिने काय सांगितलं माहीत नाही.

अंत्यविधी त्याने चुलतभावाच्या फोनवर पाहिला. नेटवर्क जात होतं. शवपेटी चर्चमधून निघाली ते दिसलं, पुढचं दिसलं नाही.

---

ऑक्टोबरात पीआर मंजूर झाली. तिघांचीही. रोझलिन माझ्या दारात आली, आत आली नाही, चौकटीला धरून उभी राहिली. "आली गं," म्हणाली. मी मिठी मारली तेव्हा तिचं अंग थरथरत होतं. मला वाटलं हसतेय.

अडचण निघाली ती तारखेची. मेडिकलची मुदत जानेवारीत संपत होती, त्याच्या आत कॅनडात उतरणं भाग होतं. शेनॉनची दहावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत. वकील म्हणाला, मुदत वाढवून मागता येईल, पण मग किती वेळ लागेल सांगता येत नाही.

"साडेसात वर्षं आम्ही थांबलो," रोझलिन म्हणाली, "आणि यांना दोन महिने थांबता येत नाही."

शेनॉन पहिल्यांदा चिडली ती तेव्हा. मी तिच्याकडे निनादला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मुद्दाम पाठवलं. तो तिला गणित शिकवायचा. त्याला ती म्हणाली, "अंकल, एव्हरीवन सेज पप्पा वेटेड. आय वेटेड टू. नोबडी आस्क्ड मी व्हॉट फॉर." निनादने परत येऊन मला ते तसंच सांगितलं.

जानेवारीत त्या गेल्या. सामान फार नव्हतं. फ्रीज आणि कपाट वरच्या मजल्यावरच्या केरळी कुटुंबाने घेतलं. विमानतळावर शेनॉन मैत्रिणींच्या गळ्यात पडून रडली. रोझलिनने माझा हात धरून ठेवला होता, नखं रुतली इतका घट्ट. आत जायची वेळ झाली तेव्हा म्हणाली, "मला आता त्याच्याकडे जाताना लाज वाटेल का गं?" मी म्हटलं, वेडी आहेस.

पुढचं तिने मला फोनवर सांगितलं, थोडं थोडं, महिन्याभरात.

इलियास विमानतळावर लोकरीची टोपी घालून उभा होता. टोपी काढली तेव्हा सगळे केस पांढरे. रोझलिनला त्याने जवळ घेतलं आणि सोडेचना. मग शेनॉनकडे वळला. ती त्याच्याहून दोन बोटं उंच झाली होती. तिने हात पुढे केला, शेकहॅंडसाठी. त्याने तो दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, "वेलकम." नंतर त्याला त्या शब्दाचा इतका पश्चात्ताप झाला की रस्ताभर स्वतःशीच अरबीत पुटपुटत होता, मुलीला कोणी वेलकम म्हणतं का.

तळघरातल्या दोन खोल्या. एक शेनॉनला दिली. दुसरीत त्याने नवा पलंग आणून ठेवला होता, नवी चादर, नव्या उशा. तो स्वतः बाहेरच्या सोफ्यावर झोपतो. पहिल्या दिवशी म्हणाला, तू दमली आहेस. दुसऱ्या दिवशी म्हणाला, मी सकाळी कामावरून येतो, तुझी झोप मोडेल. आता तो काही म्हणत नाही, तिथेच झोपतो.

"रागावलाय का?" मी विचारलं.

"नाही गं. इतकं जपतो की मला रडू येतं. पाहुण्यासारखं. मी बाथरूममध्ये असले तर दारावर टकटक करून विचारतो, वापरू का म्हणून. आपलंच घर आहे हे, मी म्हणते त्याला. हो हो म्हणतो." मग म्हणाली, "मलाही बरंच वाटतं एकटीला झोपायला, वैभवी. हे कोणाला सांगू?"

शेनॉन शाळेत जाते. दुबईच्या वेळेप्रमाणे जागते, मैत्रिणींच्या परीक्षा चालू होत्या तोवर रोज त्यांचे पेपर मागवून घरी सोडवत बसायची. इलियास दारातून बघायचा आणि तिच्यासाठी गोड काहीतरी करून ठेवायचा. ती खायची. थँक यू म्हणायची. इलियासला आईच्या कबरीवर जायला अजून नागरिकत्व मिळायला हवं, असं वकील म्हणतो. म्हणजे आणखी तीन वर्षं, तीही अर्ज वेळेत निघाला तर. रोझलिनने हे मला सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता, हवामान सांगावं तसं सांगितलं.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. इकडे संध्याकाळ होती, मी भाजी निवडत होते. ती म्हणाली, "आज सकाळी तो कामावरून आला आणि म्हणाला, चहा मी करतो. बरं म्हटलं. मग मला विचारतो, रोझी, तू साखर घेतेस का? सतरा वर्षांचं लग्न आमचं."

"मग?"

"म्हटलं, एक चमचा. मग तो चमचा शोधायला लागला. हा खण उघड, तो खण उघड. माझ्याकडे पाठ. चमचा तिथेच होता गं, डब्याशेजारी, मला दिसत होता." तिकडे कप ठेवल्याचा आवाज आला. "मी सांगितलं नाही. त्याला डोळे पुसायचे होते. म्हटलं, शोधू दे."